जुन्या वाड्यांची दुरुस्ती : चुना की सिमेंट?

महाराष्ट्रातील अनेक गावांत जुने वाडे आजही उभे आहेत. काहींत कुटुंबे राहतात, तर काहींत शाळा वा कार्यालये भरतात. वाड्याच्या भिंतीला ओल आली की त्यावर सिमेंटचा गिलावा चढवण्याची प्रथा सर्वत्र रूढ झाली आहे. दुरुस्ती म्हणून केलेला हा उपायच पुष्कळदा वाड्याच्या ऱ्हासास कारणीभूत होतो.

याचे कारण वाड्याच्या रचनेत आहे. दगडी जोते, तळखड्यांवर उभे केलेले सागवानी खांब, त्यांवर हस्त, तुळया व कडीपाट असा हा लाकडी सांगाडा असतो. पुण्यातील १८०७ साली बांधलेल्या विश्रामबागवाड्यात या सुतारकामाचे वैभव पाहावयास मिळते. सांगाड्याभोवतीच्या भिंती माती, विटा व चुन्याच्या असतात. त्या जमिनीतील ओलावा शोषून घेतात आणि चुन्याच्या सच्छिद्र गिलाव्यातून तो बाहेर टाकतात. सिमेंटचा कठीण थर ही वाट अडवतो. मग कोंडलेली ओल भिंतीत वर चढते, क्षारांमुळे विटा भुगभुगीत होतात आणि भिंतीत दडलेली तुळयांची टोके कुजू लागतात. बाहेरून भिंत मात्र नीटनेटकी दिसते.

म्हणून दुरुस्तीचा क्रम पुढीलप्रमाणे असावा :

१. प्रथम पाण्याचा बंदोबस्त करावा. फुटकी कौले व पन्हळी बदलाव्यात. जोत्याभोवती साचलेला भराव काढून पाण्यास उतार द्यावा.

२. नंतर लाकूड तपासावे. ठोकल्यावर पोकळ आवाज आल्यास वाळवीची शंका घ्यावी. खांबाचा कुजलेला भाग तेवढाच कापून, तुळईस धीरे देऊन, सागवानाचा सांधा द्यावा. जुन्या भिंतींवर काँक्रीटच्या स्लॅबचा भार टाकू नये.

३. त्यानंतर सिमेंटचा गिलावा जपून उतरवावा आणि भिंत वाळू द्यावी. मगच भिजवून मुरवलेल्या चुन्याचा वाळूमिश्रित गिलावा करावा. चुना विरवताना डोळे व हात जपावेत.

४. सजावट सर्वांत शेवटी करावी. भिंतींना चुन्याची सफेदी द्यावी. नक्षीकामावरील तैलरंगाचे थर हळुवार काढून लाकडास जवसाचे तेल लावावे. विजेच्या तारा भिंती न खोदता तुळयांच्या कडेने न्याव्यात. न्हाणीघर व शौचालय लाकडी माडीवर न बांधता परसाकडे घ्यावे.

काम सुरू करण्यापूर्वी प्रत्येक दालनाची छायाचित्रे घ्यावीत व उतरवलेल्या भागांवर क्रमांक घालावेत. वास्तू संरक्षित स्मारक असल्यास पुरातत्त्व खात्याची परवानगी आवश्यक असते.

चुन्याचे काम सावकाश होते आणि ते जाणणारे गवंडी आता थोडे उरले आहेत, ही अडचण खरी आहे. परंतु ग्रामपंचायतीने आपल्या ताब्यातील एखाद्या जुन्या इमारतीचे काम अशा गवंड्याकडे सोपवले आणि सोबत दोन तरुणांना दिले, तर इमारतही टिकेल आणि विद्याही. ‘धोकादायक’ ठरवून वाडा पाडण्यापूर्वी त्याच्या भिंतीवरील सिमेंट एकदा खरवडून पाहावे. दोष पुष्कळदा वाड्याच्या वयाचा नसून चुकीच्या दुरुस्तीचा असतो.