जुन्या शिकारी सुऱ्याचे वय

प्रश्न : माणगावच्या जुन्या घरात शिंगाच्या मुठीचा शिकारी सुरा सापडला. तो किती जुना, हे कसे ओळखावे?

उत्तर : सुऱ्याचे वय मुठीची घडण पाहून ठरत नाही; ते पात्यावर, मुठीलगतच्या ठशात शोधावे. तिरप्या उजेडात भिंग धरले की झिजलेली अक्षरेही वाचता येतात. शेफील्डच्या जोसेफ रॉजर्स कंपनीची खूण म्हणजे चांदणी आणि माल्टीज क्रॉस. मुकुटाशेजारी ‘व्ही आर’ असल्यास सुरा बहुधा व्हिक्टोरिया राणीच्या काळातला, म्हणजे १९०१ पूर्वीचा. ‘जी आर’ बहुधा १९१० नंतरचा. सर्वांत भक्कम पुरावा ‘स्टेनलेस’ या शब्दाचा. हे पोलाद हॅरी ब्रिअर्लीने शेफील्डमध्ये १९१३ साली तयार केले, त्यामुळे असा सुरा त्याआधीचा असूच शकत नाही. ठसा मुळातच नसेल आणि पात्यावर हातोड्याच्या खुणा असतील, तर ते स्थानिक लोहाराचे काम असण्याची शक्यता अधिक. त्याचे साल सांगणे अवघड.

गंज काढायला पॉलिश पेपर मुळीच वापरू नये, ठसाच निघून जातो. हलका तेलाचा हात पुरे. शिंग सांबराचे वाटल्यास १९७२ च्या वन्यजीव कायद्यामुळे विक्रीआधी वनखात्याला विचारावे. पाते नऊ इंचांहून लांब असेल तर शस्त्र परवान्याची चौकशी पोलीस ठाण्यात करावी.