वायर काढून लावली की नेट येतं, मग बिघाड कुठे?

मैत्रिणींनो, मागच्या दिवाळीपासून आमच्या प्रभागसंघाच्या कार्यालयात रोज सकाळी एकच खेळ चालायचा. मेन स्विच टाकायचा, कॉम्प्युटर चालू करायचा, आणि वरच्या कोपऱ्यात नेटचं चिन्हच नाही. मग लिपिकेनं टेबलाखाली वाकायचं, डब्याच्या मागची वायर काढायची, पुन्हा खटकन बसवायची, की नेट हजर. सगळ्यांना त्याची सवयच होऊन गेली होती.

एक दिवस लिपिका रजेवर. नेमक्या त्याच दिवशी एका गटाच्या पाच जणी कर्जाची माहिती ऑनलाइन भरायला आल्या. कापूस वेचणीचे दिवस, रोज बुडवून आलेल्या. दुसऱ्या ताईला वायरीची ती युक्ती माहीत नव्हती. दोन तास बसल्या आणि गेल्या. मी रागानं लिपिकेला फोन केला आणि "तुला साधं मशीन सांभाळता येत नाही का गं?" असं बोलून बसले. ते मला आजही लागतं, कारण चूक तिची नव्हतीच.

तोवर आम्ही दोनदा वायर बदलली होती. वायर हलवली की चालतं, म्हणजे वायरच सैल, असा आमचा हिशेब. कोणी म्हणालं, ही लिनक्स आहे म्हणून असं होतं, विंडोज टाका. आमच्या मशीनवर उबंटू आहे, ती लिनक्सचाच एक प्रकार. तिला लायसनचे पैसे पडत नाहीत आणि जुन्या मशीनवर बरी चालते. ती काढायची म्हणजे पुन्हा खर्च.

लिपिकेनं मग एक काम केलं. वहीत आठ दिवस लिहून ठेवलं: लाईट किती वाजता आली, कॉम्प्युटर किती वाजता चालू केला, नेट आलं की नाही. त्यात एक गोष्ट उघड दिसली. दुपारी लाईट असताना नुसता कॉम्प्युटर बंद करून पुन्हा चालू केला, तर नेट प्रत्येक वेळी आपोआप आलं. सकाळी मेन स्विच टाकून सगळं एकदम चालू केलं, की नाही. वायर सैल असती तर तिला सकाळ-दुपार कशी कळली असती?

आता आत काय होतं ते बघा. कॉम्प्युटर सुरू होताना वायरीच्या नेटला दोन टप्पे पार करावे लागतात. पहिला, वायर दोन्हीकडे जोडली गेली का. दुसरा, राउटरकडून आपल्याला पत्ता मिळाला का. या पत्त्याला आयपी म्हणतात, आणि तो वाटायच्या पद्धतीला डीएचसीपी. पत्ता मिळाल्याशिवाय नेट चालत नाही.

बँकेचं उदाहरण घ्या. शटर उघडं आहे, आपण आत गेलो. पण टोकन देणारा शिपाई अजून आलेला नाही. आपण टोकन मागितलं, कोणी बोललं नाही. असं चार वेळा मागितलं आणि दमून बाकावर बसलो. नंतर शिपाई येऊन बसला, तरी आपण बाकावरच. बाहेर जाऊन पुन्हा दारातून आत आलो, की लगेच टोकन मिळतं. वायर काढून लावणं म्हणजे हेच, दारातून पुन्हा आत येणं. उबंटूत हे काम नेटवर्क मॅनेजर बघतो, आणि आपण काही बदललं नसेल तर तो खरोखरच चार वेळा प्रयत्न करून थांबतो. थोड्या वेळानं पुन्हा उठतोही, म्हणून कधी कधी आमचं नेट आपलं आपण यायचं आणि गोंधळ आणखी वाढायचा.

आमचा राउटर जुना, सुरू व्हायला चार-पाच मिनिटं घेतो. तो बाजूच्या खोलीत आहे, मध्ये एक छोटा स्विच-डबा आहे. तो डबा चटकन चालू होतो, म्हणून कॉम्प्युटरच्या मागचा हिरवा दिवा लागलेला दिसायचा आणि आम्हाला वाटायचं सगळं ठीक आहे. दिवा डब्याचा होता, राउटरचा नाही!

पण मग दिवाळीपूर्वी हे का होत नव्हतं? कारण दिवाळीत आम्ही जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवली. आधी कॉम्प्युटर सुरू व्हायलाच पाच मिनिटं लागायची, तोवर राउटर तयार. आता मशीन अर्ध्या मिनिटात उठतं आणि राउटर अजून झोपेत. मशीन सुधारलं म्हणून बिघाड दिसला. एसएसडी बसवणाऱ्या पोराला आम्ही काय काय बोललो ते इथे लिहीत नाही.

उपाय फुकटचा निघाला. सकाळी आधी राउटर चालू करायचा, झाडलोट, पाणी भरणं करायचं, मग कॉम्प्युटर. कायमचा उपायही आहे. नेटवर्क मॅनेजरमध्ये ऑटोकनेक्ट रिट्राइज नावाची सेटिंग असते, तिथे शून्य टाकायचं. शून्य म्हणजे प्रयत्नच नाही असं वाटतं ना? इथे उलटं आहे, शून्य म्हणजे हद्द नाही, मागतच राहायचं. ते टर्मिनलमध्ये लिहून करावं लागतं, म्हणून जाणकाराला "एनएमसीएलआयनं ऑटोकनेक्ट रिट्राइज शून्य करून द्या" एवढं सांगा. पाच मिनिटांचं काम आहे.

तुमच्याकडचं कारण वेगळंही असू शकतं. म्हणून आधी राउटरला हात न लावता फक्त कॉम्प्युटर रीस्टार्ट करून बघा. नेट आलं, तर आमच्यासारखंच. तरी नाही आलं, तर मागचा दिवा बघा. दिवाच नसेल तर वायरीची क्लिप तुटली का, उंदरानं कुरतडलं का, दुसऱ्या भोकात लावून चालतं का ते तपासा. दिवा आहे पण नेट नाही, तर सेटिंग्जमध्ये नेटवर्क उघडा, वायर्डच्या समोरच्या दातेरी चाकावर क्लिक करा. तिथे 'कनेक्ट ऑटोमॅटिकली'ची खूण कोणी काढली असेल तर प्रत्येक वेळी हातानं जोडावं लागतं, ती खूण परत करा. तिथेच आयपीव्ही4 पत्ता दिसतो. घरगुती राउटरचा पत्ता बहुतेक 192.168 नं सुरू होतो. पत्ताच नसेल तर राउटर देत नाही, पत्ता असून साईट उघडत नसेल तर अडचण राउटरच्या पुढे, लाईन देणाऱ्याकडे असायची शक्यता जास्त.

मेकॅनिकला बोलवायचंच झालं, तर फोनवरच चार गोष्टी सांगा: दिवा आहे का, पत्ता दिसतो का, नुसत्या रीस्टार्टनं येतं का, आणि हे सुरू होण्याआधी मशीनमध्ये काय बदललं. आमच्या लिपिकेनं ह्या चार ओळी पुठ्ठ्यावर लिहून टेबलाच्या वर अडकवल्यात. त्या पाच जणींचा अर्ज पुढच्या सोमवारी भरला, आणि लिपिकेची माफी मी मासिक सभेत सगळ्यांसमोर मागितली.