माजी सैनिकांच्या घरातील वार्धक्य आणि शासकीय साहाय्य

१९७१ च्या युद्धात विशीत असलेला जवान आज पंचाहत्तरीच्या घरात आहे. १९६५ मध्ये सीमेवर उभे असलेले बहुतेक जण ऐंशीच्या आसपास वा त्यापलीकडे पोहोचले आहेत. ज्या गावांनी पिढ्यान्‌पिढ्या लष्करात माणसे पाठविली, तेथील घरांपुढे आता निराळाच प्रश्न उभा आहे. अंथरुणास खिळलेल्या वडिलांजवळ दिवसभर बसणाऱ्या बाईचा पगार कोठून द्यावयाचा? शहरात नोकरी करणारा मुलगा जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाची पायरी चढतो तो हाच प्रश्न घेऊन.

घरच्या शुश्रूषेचा खर्च म्हणून सरसकट दिली जाणारी रक्कम नाही, हे प्रथमच स्पष्ट केलेले बरे. परिचारक भत्त्याविषयी गावोगाव मोठा गैरसमज आढळतो. हा भत्ता विकलांगता निवृत्तिवेतनाशी निगडित आहे. विकलांगता शंभर टक्के असून सतत माणूस जवळ हवा असा वैद्यकीय मंडळाचा अभिप्राय असेल, तरच तो मिळतो. २०१७ मध्ये त्याचा दर दरमहा ६,७५० रुपये करण्यात आला होता. निव्वळ वार्धक्यामुळे परावलंबी झालेल्या निवृत्त सैनिकास तो लागू होत नाही. २००३ मध्ये सुरू झालेल्या माजी सैनिक अंशदायी आरोग्य योजनेतून औषधोपचार व रुग्णालयाचा खर्च भागतो, सैनिकाच्या अवलंबित आईवडिलांनाही तिचा लाभ मिळतो; परंतु घरी ठेवलेल्या बाईचा पगार तीतून निघत नाही.

मग उरते ते वयानुसार वाढणारे निवृत्तिवेतन. सहाव्या वेतन आयोगानंतर, १ जानेवारी २००६ पासून, ८० वर्षे पूर्ण होताच मूळ निवृत्तिवेतनात २० टक्के, ८५ व्या वर्षी ३०, ९० व्या वर्षी ४०, ९५ व्या वर्षी ५० आणि शंभरी गाठल्यावर १०० टक्के अधिक रक्कम मिळते. विधवेच्या कुटुंब निवृत्तिवेतनासही हाच नियम आहे. मूळ रक्कम ९,००० रुपये धरली, तर ऐंशीव्या वर्षी १,८०० व पंचाऐंशीव्या वर्षी २,७०० रुपये अधिक, शिवाय त्यावरील महागाई साहाय्य. ही रक्कम पुष्कळ नव्हे. पण खेड्यात तेवढ्यावर शेजारची एखादी बाई सकाळ-संध्याकाळ येऊन जाते.

अडते ते येथेच. निवृत्तिवेतनाच्या आदेशात जन्मतारखेची नोंद नसेल, तर ऐंशी वर्षे केव्हा पूर्ण झाली हे कार्यालयास कळणार कसे? सैनिकाची स्वतःची तारीख लष्कराच्या दप्तरी असते. पत्नीची अनेकदा नसते. एका गावी अशा आजीबाई भेटल्या. वय त्र्याऐंशीच्या पुढे, वाढीव रक्कम मात्र एक पैसाही नाही. माहेरच्या शाळेतील नोंद एका नावाची, लग्नात नाव बदलले म्हणून लष्करी दप्तरात दुसरे, आधारपत्रात तिसरेच वर्ष! आपल्याकडे नववधूचे नाव तांदळात लिहून बदलण्याची रीत आहे. तिचा असा भुर्दंड साठ वर्षांनी पडावा, हे कोणाच्या ध्यानीमनी असणार? मुख्याध्यापकांनी जुन्या नोंदवहीतील उतारा शोधून दिला, दोन्ही नावे एकाच व्यक्तीची असल्याचे प्रतिज्ञापत्र झाले आणि प्रकरण मार्गी लागले. ही दुरुस्ती पती हयात असतानाच अभिलेख कार्यालयामार्फत करून घेणे फार सोपे असते. ग्रामपंचायत सदस्यांनी आपल्या गावातील माजी सैनिकांचे आदेश एकदा नजरेखालून घातले, तर किती घरांत ही नोंद कोरी आहे ते दिसून येईल.

पंधरा वर्षांची सेवा पुरी न झाल्याने सेवानिवृत्तिवेतनास मुकलेल्या जवानांची स्थिती अधिक बिकट असते. हवालदार वा त्याखालील हुद्द्याच्या, ६५ वर्षांवरील, निवृत्तिवेतन व नियमित उत्पन्न नसलेल्या अशा माजी सैनिकास किंवा त्याच्या विधवेस केंद्रीय सैनिक मंडळाकडून निर्धनता अनुदान मिळते. पूर्वी ते दरमहा ४,००० रुपये होते. १ नोव्हेंबर २०२५ पासून ८,००० करण्यात आले. अर्ज जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाच्या शिफारशीने जातो आणि सेवापुस्तिका, म्हणजे ज्याला सारे डिस्चार्ज बुक म्हणतात ती, त्यासाठी आवश्यक असते. ७ डिसेंबरच्या ध्वजदिनानिमित्त शाळांतून व कचेऱ्यांतून जो निधी गोळा होतो, त्याच ध्वजदिन निधीचा एक भाग या अनुदानामागे आहे, हे निधी गोळा करणाऱ्या शिक्षकांपैकीही थोड्यांनाच ठाऊक असते.

दरवर्षीचा हयातीचा दाखला हीही अशा घरांची एक चिंता. अंथरुणावरील वृद्धाला बँकेत उचलून नेण्याचे आता कारण नाही. शेतीकामाने झिजलेल्या बोटांचे ठसे यंत्राला उमटत नसले, तरी २०२१ पासून भ्रमणध्वनीवर चेहरा दाखवून दाखला देता येतो, आणि पोस्टमनला घरी बोलावूनही हे काम होते.