ब्लीक्लोच्या ओल्या माथ्यावर

इंग्लंडच्या पीक डिस्ट्रिक्टमधलं ब्लीक्लो 633 मीटर उंच आहे. स्नेक पासच्या ए-57 रस्त्यापासून माथा जेमतेम 120 मीटर वर, तरी जाऊन-येऊन अर्धा दिवस राखून ठेवा. इथे चढ नव्हे, ओलं पीट, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींची माती, दमवतं. सह्याद्रीत सुळके बघत दिशा ठरवणाऱ्यांना इथे खूण म्हणून काहीच सापडत नाही.

घोट्यापर्यंतचे बूट घट्ट बांधा, वर गेटर, म्हणजे पोटऱ्या झाकणारं आवरण, चढवा. जीन्स नको, भिजली की अंग गारठतं. ऑर्डनन्स सर्व्हेचा ओएल1 नकाशा, होकायंत्र, शिट्टी, टॉर्च आणि चाचपायला काठी घ्या.

स्नेक पासवरून पेनाइन वे ही पायवाट धरून उत्तरेला निघा. सुरुवातीला फरश्या आहेत, त्यांवरूनच चाला. फरश्या संपल्या की जमिनीचा रंग वाचायला लागा. हेदरची तपकिरी झुडपं असतील तिथे जमीन बहुधा पाय पेलते. पांढरे बोंडे डुलवणारं कापूसगवत ओल सांगतं. आणि पोपटी, लुसलुशीत गालिचा दिसला की वळसा घ्या: ते स्फॅग्नम शेवाळ, खाली पाणीच. त्याला जपायचं आणखी एक कारण आहे. हेच शेवाळ साचून पीट बनतं, वर्षाला साधारण एक मिलिमीटर. कारखान्यांच्या धुराने आणि आगींनी इथलं पीट उघडं पडलं होतं. आज तिथे स्फॅग्नमची रोपं हाताने लावतात. म्हणून स्टोव्हही पेटवू नका. पीट आतल्या आत धुमसत राहतं.

पाय रुतलाच तर दुसऱ्या पायावर जोर देऊ नका. मागे रेला, वजन पसरवा, टाच आधी सोडवा.

पाण्याने कापलेल्या खोल चरांत उतरलं की दिशा हरवते. त्यामुळे उतरण्याआधी पलीकडचा एखादा दगड होकायंत्राने हेरा आणि चढून आल्यावर तोच गाठा. धुक्यात सोबत्याला ठरवलेल्या दिशेने पुढे पाठवा, दिसेनासा होण्याआधी थांबवा, हाका मारून रेषेत आणा, मग त्याच्यापाशी जा.

माथ्यावर दगडांच्या राशीत खांब रोवलाय. तिथून पाऊल उचलण्याआधी परतीची दिशा लावा: रस्ता दक्षिणेला आहे. अडकलात तर मिनिटात 6 शिट्ट्या, मग मिनिटभर शांत, पुन्हा 6. फोन लागला तर 999 वर आधी पोलीस मागा, मग माउंटन रेस्क्यू.