खडखड कुठली, ते आधी शोधा

गाडीच्या पुढून खडखड ऐकू आली की शॉकअप बदलायचा, हा आपल्या गॅरेज-धंद्यातला जुना रोग आहे. गिऱ्हाइकाचे पैसे जातात, आवाज तसाच राहतो आणि तो पुन्हा आपल्याकडे फिरकत नाही.

हळू वेगात, बारीक खड्ड्यांवर खटखट होत असेल तर आम्ही आधी लिंक रॉड पाहतो. गाडी चाकांवरच उभी ठेवावी, मदतनिसाने ती डावी-उजवीकडे हलवावी आणि आपण लिंकच्या सांध्यावर हात ठेवावा. ढिला सांधा बोटांना कळतो. ब्रेक दाबताच ‘ठक्’ झाले तर लोअर आर्मचा बुश पहारीने हलवून बघावा. उभ्या गाडीत स्टिअरिंग फिरवताना स्प्रिंग कडकडली तर संशय शॉकअपच्या वरच्या माउंटिंगवर.

नवा बुशही लवकर फाटतो, ही तक्रार पुष्कळांची. दरवेळी दोष मालाचा नसतो. गाडी जॅकवर, चाक लोंबकळत असताना बोल्ट पक्का आवळला की गाडी खाली येताच रबर पिळले जाते. म्हणून बोल्ट नुसता बसता करून गाडी चाकांवर उतरवावी, मगच पाना द्यावा. काही मिस्त्री बुशवर जळके ऑइल मारून आवाज बंद करतात. आठवडाभर शांतता मिळते, पण रबर फुगून कुजते.