निरोपाचे दोन फ्रेंच शब्द

फ्रान्स देशांत निरोप घेतांना उच्चारिले जाणारे दोन शब्द प्रसिद्ध आहेत, एक "ओ रव्वार" व दुसरा "आद्यू". दोहोंनींही निघण्याची वेळ सूचित होते. तथापि त्यांची फोड केली असतां मोठा भेद दिसून येतो.

"ओ रव्वार" म्हणजे "पुनः पाहूं तोंपर्यंत". आपल्याकडे निघणारा मनुष्य "जातों" असें न म्हणतां "येतों" म्हणतो, त्यांतील भाव हाच. पुनः भेट होईल असें त्यांत गृहीत धरलेलें असतें. म्हणून फ्रेंच लोक दुकानांत, शाळेंत व वाटेवर नित्य हाच शब्द वापरतात.

"आद्यू" ह्यांत दोन शब्द आहेत. "द्यू" म्हणजे देव, व त्यामागील "आ" हा आपल्या "ला" ह्या प्रत्ययासारखा. जुन्या फ्रेंच भाषेंत लोक "मी तुम्हांस देवाला सोंपवितों" असें सबंध वाक्य बोलत. पुढें बाकीचे शब्द गळाले व "देवाला" एवढेंच उरलें. स्पॅनिश "आदिओस" व गोमंतकांत पोर्तुगीजांबरोबर आलेला "आदेउश" हे ह्याच कुळांतले. इंग्रजी "गुडबाय" हें देखील "देव तुम्हांबरोबर असो" ह्या वाक्याचें आखडलेलें रूप असून, इ. स. १५७३ च्या एका पत्रांत तें आढळतें.

फ्रान्सच्या दक्षिण भागांत भेट होतांच "आद्यू" म्हणण्याचीही रीत आहे. इतरत्र मात्र हा शब्द बहुधा दीर्घ किंवा अखेरच्या वियोगासाठींच राखून ठेवितात. जो शब्द मूळचा विश्वासाचा, तो ऐकतांच आशा संपली असें वाटावें, हें योग्य आहे काय?

प्रेषितांचीं कृत्यें, अध्याय २० वा, उघडून पाहा. मिलेत येथें पौल इफिसच्या वडिलांचा निरोप घेतो. त्याचें तोंड पुनः दिसणार नाहीं म्हणून ते फार रडतात (३७, ३८). "येतों" असें त्याला म्हणतां येत नाहीं, आणि तो खोटी आशाही दाखवीत नाहीं. तो त्यांस देवाच्या हातीं सोंपवितो (३२). परंतु त्यापूर्वीं तीन वर्षें, रात्रंदिवस, आसवें गाळून त्यानें त्यांस बोध केला होता (३१). जें आपण कधीं सांभाळिलें नाहीं, तें दुसऱ्याच्या हातीं काय सोंपविणार?

उपदेशक बंधूंनो, आसन्नमरण मनुष्याच्या खाटेपाशीं बसलां असतां "उद्यां बरे व्हाल, मग भेटूं" असें आपण पुष्कळदां म्हणतों, कारण खरें बोलण्याचें धैर्य होत नाहीं. तेथें त्याचा हात हातीं घ्यावा, त्याचें नांव घेऊन त्याला देवाला सोंपवावें, व घाईनें उठूं नये. तसेंच जो मुलगा पोटासाठीं शहरीं निघाला आहे, त्याला वेशीपर्यंत पोंहचवितांना हेंच करावें. आणि मागाहून त्याच्या आईची विचारपूस करण्यास चुकूं नये.