चांदीचा मुलामा आणि उपयोगाची घडण

लखनौमध्ये गोमतीपलीकडच्या निशातगंजसारख्या वस्तीत एखाद्या कुटुंबाच्या जुन्या पेटीतून इंग्रजी अमदानीतील चहाची किटली निघते. घरात ती ‘चांदीची’ म्हणूनच ओळखली जाते. बुडाशी मात्र ‘ई.पी.एन.एस.’ ही अक्षरे कोरलेली असतात. अस्सल स्टर्लिंग चांदीवरील चालत्या सिंहाचा छाप तेथे नसतो. या अक्षरांचा अर्थ असा, की आतील धातू निकेल सिल्व्हर असून त्यावर विजेच्या साहाय्याने चांदीचा मुलामा चढविला आहे. निकेल सिल्व्हर हे तांबे, जस्त व निकेल यांचे मिश्रण होय. नावात चांदी असली तरी त्यात ती मुळीच नसते. साहजिकच सराफाच्या काट्यावर अशा किटलीला फारशी किंमत येत नाही आणि पुष्कळदा ती मोडीत जाते. तिचे खरे मोल तिच्या घडणीत आहे.

या मुलाम्याचे एकस्व बर्मिंगहॅमच्या एल्किंग्टन यांनी १८४० मध्ये घेतले. त्यापूर्वीच्या शेफील्ड प्लेटमध्ये तांब्यावर चांदीचा पत्रा जोडून मग भांडे घडवीत. चांदी झिजली की खालचे तांबे लाल दिसू लागे. नव्या पद्धतीत भांडे आधी पूर्ण घडवून नंतर मुलामा देत. आतील धातूही पांढरट असल्याने झीज चटकन डोळ्यांत भरत नसे.

घडणीमागचा विचार पाहण्याजोगा आहे. पितळेच्या भांड्यात ताक कळकते म्हणून आपल्याकडे कल्हई करीत. तोच प्रश्न इंग्रजी मेजावरही होता. मिठाने चांदी खराब होते, म्हणून मीठदाणीत काचेची वाटी बसविली जाई. अंड्यातील गंधकाने चांदी काळवंडते, म्हणून अंड्याच्या चमच्याला सोन्याचे पाणी देत. लिंबाने पोलादी पात्याला धातूची चव सुटते, म्हणून माशाच्या सुरीचे पाते मुलाम्याचे असे. किटलीच्या धातूच्या मुठीत हस्तिदंताच्या चकत्या असत, त्या उष्णता हातापर्यंत पोचू नये म्हणून. त्या निव्वळ शोभेच्या समजणे ही चूक ठरेल.

या विचाराला शिस्त दिली ती ग्लासगो येथे जन्मलेल्या क्रिस्टोफर ड्रेसर (१८३४–१९०४) यांनी. ते मूळचे वनस्पतिशास्त्राचे अभ्यासक. मूठ भांड्याच्या गुरुत्वमध्याच्या मानाने चुकीच्या जागी बसली तर ओतताना मनगटावर विनाकारण भार येतो, हे त्यांनी १८७३ च्या आपल्या ग्रंथात आकृत्यांसह दाखविले. १८७६–७७ मध्ये त्यांनी जपान पाहिला. पुढे हुकिन अँड हीथ या कंपनीसाठी त्यांनी केलेली भांडी इतकी साधी आहेत, की ती व्हिक्टोरिया राणीच्या काळातील आहेत यावर पटकन विश्वास बसत नाही.

अशी भांडी घरात असल्यास राख किंवा खरखरीत पूड वापरू नये. प्रत्येक घासणीत थोडा मुलामा जातो. कोमट पाणी, सौम्य साबण व मऊ कापड पुरे. पोकळ मुठीच्या सुऱ्या मात्र गरम पाण्यात बुडवून ठेवू नयेत, कारण पाते मुठीत राळेने बसविलेले असते आणि ती मऊ झाली की पाते हलू लागते.